जास्वंदीवरचा मावा आणि खालच्या मजल्यावरचे कपडे: घरच्या बागेत, लॉनवर कीटकनाशक सुरक्षितपणे कसं फवारावं

नेरुळच्या आमच्या सोसायटीत गेटजवळ वॉचमनची केबिन आहे. एका मे महिन्यात तिथल्या फळीवर पाण्याची एक लिटरची बाटली दिसली. आत ताकासारखं पांढुरकं पाणी. शेजारी वॉचमनचा डबा, मोबाइलचा चार्जर आणि उदबत्तीचा पुडा. विचारलं तेव्हा कळलं की सकाळी माळीकाकांनी लॉनवर औषध मारलं होतं आणि उरलेलं 'उद्या कुंड्यांना मारू' म्हणून ठेवून दिलं होतं. दुपारी क्रिकेट खेळून घामाघूम झालेली पोरं त्याच केबिनमध्ये पाणी मागायला येतात. त्या दिवशी कुणी ती बाटली उचलली नाही, एवढंच.

तेव्हापासून बागेचं काम मी अंगावर घेतलं. माळीकाकांना दोष द्यावा असं वाटलं नाही, कारण मोजायचं भांडं, हातमोजे, कुलपाचं कपाट यातलं काहीच आम्ही त्यांना दिलेलं नव्हतं. शेतात फवारणी झाली की माणूस घरी जातो. आपल्याकडे जिथे फवारायचं तेच घर असतं. बाल्कनीपासून ओटा दहा पावलांवर, खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात, लॉनवर सकाळी आज्या अनवाणी चालतात. जास्वंद उमलली की देव्हाऱ्यात जाते, तुळस तीर्थात आणि कढीपत्ता थेट फोडणीत. म्हणून शेतीच्या पुस्तकातला सल्ला जसाच्या तसा इथे चालत नाही. पुढचं सगळं ही जवळीक धरून लिहिलं आहे.

आधी पान उलटा

'झाडाला कीड लागलीय' एवढ्यावर बाटली काढायची नाही. कोणती कीड ते बघायचं. जास्वंदीचा शेंडा हातात धरा आणि पान उलटं करा. कापसाचे बारीक पुंजके चिकटलेले असतील तर ते पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यावर हिरव्या किंवा काळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या किड्यांची दाटी असेल तर मावा. फांदी हलवल्यावर पांढरी धूळ उडाल्यासारखं झालं तर पांढरी माशी. काहीच दिसत नाही, पण पानं फिक्या ठिपक्यांनी भरलीत, तर खाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके सरकायला लागले की बोटाने पुसा. लालसर रेघ उमटली तर बहुधा लाल कोळी. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालतच नाहीत. उलट काही फवाऱ्यांनी त्याला खाणारे किडे मरतात आणि आठवड्याभरात कोळी दुप्पट झालेले दिसतात.

पानं चिकट लागत असतील, त्यांवर काजळी धरली असेल आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल, तर खरी कीड वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे. मुंग्या त्यांचा गोड रस पितात आणि त्या बदल्यात त्यांची राखण करतात. मुंग्यांना नुसतं औषध घालून उपयोग नाही. भिंतीला, ग्रिलला टेकणाऱ्या फांद्या कापा आणि कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. मुंग्यांचा पूल तुटला की निम्मं काम होतं. ताटलीतलं पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर मावा जाईल आणि डास येतील.

पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात कधी एखादा दुप्पट मोठा, कापसाच्या लांब झालरी असलेला आणि भराभर चालणारा दिसतो. त्याला मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी आहे आणि ती पिठ्या ढेकूणच खाते. मीही पहिल्या वर्षी 'सगळ्यात मोठे आधी' म्हणून याच चिरडल्या होत्या.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. ती हाताने उचलता येते. पानावर चंदेरी नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये असते, वरून फवारलेलं तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. ती पानं खुडून टाका. आणि पानं नुसतीच पिवळी पडली असतील तर कुंडीत बोट खुपसा. आमच्याकडे 'कीड लागली' म्हणून आलेल्या तक्रारींत कितीतरी वेळा बुडाशी चिखल झालेला निघतो.

पाणी, साबण, निंबोळी तेल

मावा, तुडतुडे, कोळी यांच्यासाठी पहिला उपाय पाण्याचा. सकाळी पानाच्या खालच्या बाजूने जोराची धार, लागोपाठ तीन दिवस. पिठ्या ढेकणांसाठी जुना दातांचा ब्रश आणि साबणाचं पाणी. काम कंटाळवाणं आहे, पण पाच-सहा कुंड्यांना अर्धा तास लागतो आणि खालच्या मजल्यावरून कुणी ओरडत नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर निंबोळी तेल. आधी वाटीत ५ मिली तेल आणि २ मिली पातळ साबण नीट घोटून घ्या, पांढरट झालं की त्यात थोडं कोमट पाणी घाला, हलवा आणि मग पाणी वाढवत एक लिटर करा. थेट पाण्यात तेल ओतलं तर ते वर तरंगतं, शेवटी पंपात नुसतं तेल उरतं आणि त्याने पानं करपतात. आधी एका फांदीवर मारून एक दिवस वाट बघा. मारायचं ते ऊन उतरल्यावर. सात दिवसांच्या अंतराने तीनदा, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यातून वाचतात. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. डिसेंबरात तेल थिजलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

अळ्यांसाठी बीटी म्हणून ओळखलं जाणारं जिवाणूजन्य औषध मिळतं. ते अळीने पानासोबत खावं लागतं, त्यामुळे लहान अळ्यांवर चांगलं चालतं. फुलपाखराच्या अळ्याही त्याने मरतात, हे लक्षात असू द्या.

घरगुती म्हणजे निर्धोक असा एक समज आहे. निंबोळी तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर गंभीर विषबाधा होऊ शकते. तंबाखूचा काढा तर व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात फिरतो. त्यातलं निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं, तो काढा मी बागेत येऊच देत नाही. दशपर्णी अर्कात धोतरा, रुई यांसारखी विषारी पानं असतात, तेव्हा तो पालेभाजीवर मारून संध्याकाळी भाजी खुडायची नाही. आणि झुरळांचा एरोसोल झाडावर मारू नका. त्यातल्या द्रावकाने पानं जळतात आणि तो पेट घेणारा असतो.

बाटली घेताना

इतकं करूनही कीड हटली नाही आणि झाड वाचवायचंच असेल, तर रासायनिक औषध. ते परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून, सीलबंद बाटलीत, पावती घेऊन आणा. नर्सरीत कधी कधी मोठ्या कॅनमधून छोट्या बिनलेबलच्या बाटलीत ओतून देतात. स्वस्त पडतं, पण त्या बाटलीत काय आहे, किती तीव्र आहे आणि उद्या डॉक्टरांना काय सांगायचं, यातलं काहीच तुमच्या हातात राहत नाही.

१९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवर एक तिरका चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. माझा नियम साधा आहे: घरात लाल आणि पिवळा येणार नाही. हिरवा म्हणजे 'काही होत नाही' असंही नाही. हा रंग मुख्यतः पोटात गेल्यावर किती घातक याचा अंदाज देतो. मधमाशीला किंवा माशाला काय होईल ते तो सांगत नाही.

बाटलीसोबत पातळ कागदाची घडी घातलेली पत्रिका येते. बहुतेक जण ती खोक्यासकट फेकतात. त्यात कोणत्या पिकावर, किती प्रमाणात, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी, आणि विषबाधा झाली तर उतारा कोणता, हे सगळं असतं. ज्या भाजीचं नाव त्यात नाही त्या भाजीवर ते मारायचं नाही. मेथी, पालक, पुदिना, कढीपत्ता यांच्यावर मी रासायनिक काही मारतच नाही. शंभर रुपयांच्या पुदिन्यासाठी एवढी उठाठेव कशाला!

माळ्यांच्या जुन्या साठ्यात काय आहे तेही एकदा बघा. डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुन्या बाटल्या पंपरूमच्या कोपऱ्यात निघतात. मोनोक्रोटोफॉस भाजीवर वापरायला मनाई आहे. 'पूर्वी हेच मारायचो, लगेच गुण यायचा' हे ऐकायला मिळेलच.

सोसायटीने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं तर त्याचा परवाना आणि औषधाचं नाव लेखी मागा. नाव सांगायला जो टाळाटाळ करतो त्याला गेटवरूनच परत पाठवा.

झाकणाने मोजू नका

घरच्या बागेतली सर्वांत मोठी चूक मापाची असते. पत्रिकेवरचं प्रमाण हेक्टरी किंवा एकरी लिहिलेलं असतं, आपल्या कुंड्या आठ. मग माणूस झाकणाने ओततो. समजा प्रमाण लिटरला अर्धा मिली आहे आणि झाकणात पाच मिली मावतं. एका लिटरला एक झाकण म्हणजे दहापट विष झालं. कीड दहापट लवकर मरत नाही, पानं मात्र करपतात आणि हवेत दहापट जातं.

केमिस्टकडून २ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि तिच्यावर लाल नेलपॉलिशचा पट्टा मारा, म्हणजे ती कुणी घरात वापरणार नाही. तिच्यावर ०.१ मिलीच्या खुणा असतात. औषधाचा चमचा, मग, बादली सगळं वेगळं आणि त्याच कुलपात.

किती मिश्रण लागेल हे आधी साध्या पाण्याने ठरवा. पंपात मोजून एक लिटर पाणी घ्या, नेहमीसारखं सगळ्या झाडांवर फवारा आणि किती उरलं ते बघा. माझ्या आठ कुंड्यांना जेमतेम सहाशे मिली लागतं. हे कळलं की उरण्याचा प्रश्न मुळातच येत नाही, आणि वॉचमनच्या केबिनमधल्या बाटलीचाही. या पाण्याच्या फवारणीत पंप कुठे गळतो तेही दिसतं. माझ्या पहिल्या पंपाचं वॉशर सुटलेलं होतं, सगळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. औषध असतं तर तेही तसंच आलं असतं.

मिसळायचं उघड्यावर. मोरीत नाही, ओट्यावर तर नाहीच. जुन्या ट्रेमध्ये पंप ठेवा, म्हणजे सांडलं तरी त्यातच राहील. आधी अर्धं पाणी, मग मोजलेलं औषध, मग उरलेलं पाणी. दोन औषधं एकत्र करायची नाहीत. नळाची पाइप पंपाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. नळाचा दाब गेला तर मिश्रण उलटं पाइपमध्ये ओढलं जाऊ शकतं, आणि आपल्याकडे पाणी कधी जाईल याची खात्री कोण देणार! पाइपचं तोंड वर हवेत धरा.

अंगावर काय हवं

पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पूर्ण पँट, बंद बूट किंवा गमबूट, चष्मा किंवा गॉगल, आणि नायट्राइलचे हातमोजे. कापडी मोजे औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा मोकळा हात बरा. पँट बुटाच्या बाहेर, आत नाही, नाहीतर ओघळ सरळ बुटात जातो. तोंडाला ओला रुमाल बांधायची पद्धत आहे, तिचा उपयोग नाही. रुमाल भिजला की तेच नाकाशी बसतं. एन-९५ मास्क बारीक थेंब अडवतो, पण वाफ अडवत नाही. वास येणारं औषध असेल तर कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. एवढ्या तीव्र वासाचं औषध बाल्कनीत आणायचं कशाला, हा माझा प्रश्न राहतोच.

कातडीवाटे विष जातं हे लोकांच्या मनावर बसत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या उंचीला गेली होती, फवारा वर मारावा लागत होता आणि तोच अंगावर येत होता. आपल्या कुंपणाची जास्वंद आणि मोगऱ्याचा वेल यांचंही तेच होतं. छातीच्या वर फवारायची वेळ आली तर आधी छाटणी करा. छाटलेल्या शेंड्यांबरोबर निम्मी कीडही जाते.

माळीकाकांबद्दल एक गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी. ते हाफ पँटवर, चपला घालून फवारायचे आणि मध्येच थांबून तंबाखू मळायचे. तळहातावर मळलेली ती चिमूट ओठाखाली जाते. 'त्यांना सवय आहे' हे मी कमिटीच्या मीटिंगमध्ये तीनदा ऐकलं. सवय झाली म्हणून विष कमी होत नाही. गमबूट, हातमोजे, गॉगल, ॲप्रन, मास्क हा खर्च सोसायटीचा आहे आणि तो दिव्यांच्या माळांपेक्षा कमी येतो. फवारणी संपेपर्यंत तंबाखू, विडी, चहा, काही नाही. हे मी सांगून बघितलं, ऐकलं गेलं नाही. मग फवारणीच्या दिवशी काम संपून हात-तोंड धुतल्यावर चहा-पोहे माझ्याकडे, असं ठरवलं. तेव्हापासून तंबाखूची डबी केबिनमध्येच राहते.

बाल्कनीत: वारा आणि खालचे कपडे

आपल्याकडे उशिरा सकाळनंतर खाडीचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. त्यामुळे बाल्कनीत दोनच वेळा उरतात: सकाळी लवकर, किंवा सूर्य मावळल्यावर वारा पडला की. मधमाश्या घरी गेलेल्या असतात म्हणून मी संध्याकाळ निवडतो. उमललेल्या फुलांवर मारत नाही. तुळशीला मंजिऱ्या असतील तर तुळशीवर अजिबात नाही, तिथे मधमाश्यांची जत्रा असते. ग्रिलला सुतळीचा तुकडा बांधा. तो आडवा फडफडत असेल तर त्या दिवशी फवारणी रद्द. घोडबंदर रोडला पंचविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मामेभावाची सुतळी कधी सरळ लोंबतच नाही. तो पंप वापरत नाही. रंगाच्या छोट्या ब्रशने मिश्रण पानाच्या खाली लावतो. वेळ लागतो, पण थेंब उडत नाही.

क्रम असा ठेवा. खालच्या आणि शेजारच्या घरी आधी सांगा आणि कपडे काढायला लावा. हे मी एकदा विसरलो होतो. खालच्या वहिनींची पांढरी साडी वाळत होती, तिच्यावर तेलकट ठिपके पडले. निंबोळीचंच होतं, पण साडी गेली आणि वर्षभर हळदीकुंकवाला आमची आठवण त्यावरूनच निघत होती. मग घरच्या खिडक्या बंद, एसी बंद. पक्ष्यांचं पाण्याचं भांडं, मांजराची वाटी आत. माशांची टाकी असेल तर ती झाकून हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अतिशय घातक असतात. मांजरालाही ती सोसत नाहीत, कारण तिच्या यकृताला ती पचवता येत नाहीत. ओल्या पानाला अंग घासून मांजर नंतर स्वतःला चाटते. सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन अशा नावांच्या शेवटी 'थ्रिन' दिसलं की मांजर असलेल्या घराने बाटली परत ठेवावी.

कुंड्या कठड्यावरून उतरवून जमिनीवर घ्या, मागे पुठ्ठ्याचं मोठं खोकं उभं करा आणि त्या खोक्याच्या दिशेने, वारा पाठीवर घेऊन फवारा. नोझल फार बारीक ठेवू नका, धुकं हवेत तरंगत राहतं. पान ओलं दिसलं की पुरे, टपटप गळेपर्यंत नको. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. पाण्यात बुडवून ब्रशने साफ करा.

फवारलेल्या झाडाला मी लाल लोकर बांधतो. घरात कुणालाही कळतं की याची पानं-फुलं तोडायची नाहीत. पत्रिकेवरचे दिवस संपले की लोकर काढायची.

लॉन: हुमणी, दुर्वा आणि खाडी

लॉन पिवळं पडलं की पहिली मागणी औषधाची येते. आधी पिवळ्या चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. गालिचासारखं सुटून वर आलं तर मुळं खाल्ली गेली आहेत. एक फूट लांब-रुंद चौकोन फावड्याने उचला आणि खालच्या दोन-तीन इंच मातीत बघा. इंग्रजी 'सी'सारखी वाकडी झालेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी म्हणजे हुमणी. एक-दोन असतील तर सोडून द्या. आठ-दहा असतील तर उपाय करावा लागेल. साळुंक्या आणि बगळे एकाच जागी चोची मारताना दिसले तरी तो इशारा आहे.

मुळं घट्ट असतील पण पात्यांच्या कडा कुरतडलेल्या असतील तर अळ्या पाहा. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन मोठे चमचे घालून ते एक मीटर चौकोनात ओता. लष्करी अळ्या असतील तर पाचेक मिनिटांत वर येतात. हुमणी याने येत नाही. दोन्ही नसेल तर कुत्र्याचं मूत्र, बुरशी, किंवा पोरांच्या क्रिकेटची खेळपट्टी. आमच्या लॉनचा सर्वांत मोठा पिवळा पट्टा बरोबर बावीस यार्ड लांब निघाला.

हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते साबणाच्या पाण्यात पाडले तर पुढचा निम्मा त्रास टळतो. जून-जुलैत ओल्या मातीत मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी शेणखतात मिसळून पसरता येते. ती लहान अळ्यांवर चालते, एका दिवसात गुण दिसत नाही. त्याच सुमारास बुरशीनाशक मारलं तर मात्र हीच बुरशी मरते आणि पैसे पाण्यात.

रासायनिक फवारणी करायचीच झाली तर दोन दिवस आधी नोटीस लावा: तारीख, वेळ, औषधाचं नाव, लॉन कधी उघडणार. लॉनला मी सकाळ निवडतो. संध्याकाळी मुलं असतात, त्यांना हाकलणं कुणालाच जमत नाही. दव सुकू द्यायचं. आदल्या दिवशी गवत कापून घ्यायचं, म्हणजे त्यातली रानफुलं जातात आणि मधमाश्या येत नाहीत. खेळणी, घसरगुंडीवरची सतरंजी, पाण्याचे मग बाहेर काढा. सुतळीने दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखून साध्या पाण्याने फवारा आणि किती लिटर लागलं त्यावरून पूर्ण लॉनचा हिशेब करा. फवारताना मागे मागे चालायचं, म्हणजे ओल्या गवतावर आपलाच पाय पडत नाही. नंतर चोवीस तास दोरी. पत्रिकेत जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा.

गटाराच्या जाळीपासून सहा-सात फुटांचा पट्टा सोडा. नवी मुंबईतलं पावसाचं पाणी नाल्यांतून धारण तलावांत आणि तिथून खाडीत जातं. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. ते इथून किती लांब आहे? आमच्या गच्चीवरून फ्लेमिंगो दिसतात. जूनपासून आभाळ भरलेलं असेल तर फवारणी पुढे ढकला. चार-सहा तासांची उघडीप मिळाली नाही तर औषध झाडावर राहत नाही, जाळीतून जातं.

आणि दुर्वा. गणपतीच्या आधी सोसायटीतली अर्धी माणसं पहाटे लॉनवर वाकलेली असतात, एकवीस जुड्यांसाठी. पाटीकडे कोण बघतो? म्हणून आम्ही पंपरूममागे सहा बाय सहाचा तुकडा वेगळा ठेवला आहे. तिथे हरळी मोकळी वाढते, कधीच काही मारलं जात नाही. पाटीवर 'दुर्वा इथल्या घ्या' एवढंच लिहिलंय. चतुर्थीच्या आधीचा महिनाभर बाकी लॉनवरही फवारणी बंद असते.

संपल्यावर

उरलंच तर ते त्याच प्रकारच्या, आधी न मारलेल्या झाडांवर फवारून संपवा. मोरीत, संडासात, नाल्यात नाही. पंप तीनदा थोड्या थोड्या पाण्याने हलवून धुवा आणि तेही पाणी झाडांवरच मारा. रिकाम्या बाटलीलाही हेच. मग तिला भोक पाडा, कागदात गुंडाळून 'घातक' असं लिहा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळी द्या. कीटकनाशकाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. भोक पाडल्याशिवाय देऊ नका, चांगल्या झाकणाची बाटली कुणीतरी धुऊन तेलाला वापरतं.

हातमोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा, मग हात पुन्हा धुवा. कपडे वेगळे भिजवा, घरच्या कपड्यांबरोबर मशिनमध्ये टाकू नका. अंघोळ लगेच.

साठवण मूळ बाटलीत, मूळ लेबलसकट, कुलपात. सिंकखालच्या कप्प्यात नाही, आणि पंपरूममध्ये जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाजवळ तर नाहीच. वहीत तारीख, नाव, प्रमाण, कुणी मारलं एवढं लिहा.

काही झालंच तर

तोंडाला खूप पाणी सुटणं, घाम, उलटी, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायू उडणं, श्वास लागणं ही ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या (डायक्लोरव्हॉस, मोनोक्रोटोफॉस यातलेच) विषबाधेची लक्षणं आहेत. पायरेथ्रॉइडने कातडीला, विशेषतः चेहऱ्याला, मुंग्या आल्यासारखं होतं. फवारणीनंतर काही तासांत डोकं दुखून मळमळायला लागलं तर 'ऊन लागलं असेल' म्हणून झोपू नका.

अंगावर सांडलं तर कपडे लगेच उतरवा आणि साबण लावून भरपूर पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ स्वच्छ पाणी. श्वासातून गेलं तर मोकळ्या हवेत न्या. पोटात गेलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणीही नको, कुशीवर वळवून ठेवा. १०८ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. ती सांडत असेल तर किमान लेबलचा फोटो काढा. त्यावरच्या घटकाच्या नावावरून डॉक्टर उतारा ठरवतात. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. आमच्याकडे तो औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये त्या फळीच्या बरोबर वर.